डाव्या हाताचा कीबोर्ड

इनस्क्रिप्ट कीबोर्डवर फक्त डावा हात ठेवला तर ‘आई’ लिहिता येतं, ‘बाबा’ लिहिता येत नाही. ‘मामा’ येतं, ‘काका’ नाही. ‘मन’, ‘मान’, ‘नाव’, ‘नवीन’ हे शब्द येतात. ‘शेत’ येत नाही, ‘पाणी’ येत नाही, ‘कापूस’, ‘तूर’, ‘पऱ्हाटी’ यांतलं काहीच येत नाही. आर्वी तालुक्यातल्या खेड्यात राहायचं तर ज्या शब्दांवाचून एक दिवस निघत नाही, ते सगळे उजव्या हाताकडं आहेत.

ही मांडणी फार विचारानं केलेली आहे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ साली भारतीय भाषांसाठी एक सामाईक कीबोर्ड ठरवला आणि १९९१च्या ‘आयएस १३१९४’ या मानकात तो भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की संकेतप्रणालीसोबत पक्का झाला. स्वर आणि मात्रा डावीकडं, बहुतेक व्यंजनं उजवीकडं. क च्याच बटणावर शिफ्ट धरून ख, ग वर घ, त वर थ, प वर फ. मराठीत क जिथं आहे तिथंच बंगालीतला आणि कन्नडमधला क. मराठी बोलताना व्यंजन, स्वर, व्यंजन, स्वर अशी जी लय लागते, ती या कीबोर्डवर उजवा, डावा, उजवा, डावा अशी हातांत उतरते. टाइपरायटरवरून आलेल्या रेमिंग्टन मांडणीपेक्षा मला ही कितीतरी देखणी वाटते. तिनं दोन हात गृहीत धरलेत, एवढंच.

माझी मोठी चुलत बहीण आमच्या ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. जन्म-मृत्यूच्या नोंदी, कर आकारणीचा नमुना ८, ग्रामसभेचे ठराव, घरपट्टीच्या याद्या, सगळं तिच्या टेबलावरून जातं. इनस्क्रिप्टवर तिचा हात असा चालायचा की समोरचा माणूस नाव सांगून संपवायच्या आत ते पडद्यावर उमटलेलं असायचं. एका उन्हाळ्यात कडबा कुट्टीच्या यंत्रात तिचा उजवा हात गेला, मनगटापासून. आमच्याकडं ज्वारीचा कडबा बारीक करताना असे हात जातात. प्रत्येक दोन-चार गावांत एक तरी माणूस भेटतो. त्या दिवसांबद्दल मी इथं लिहिणार नाही.

जखम भरून आली आणि ताई पुन्हा ऑफिसात जाऊ लागली, तेव्हा सगळ्यांनी तिला समजावलं की आता दुसरं काहीतरी बघ. मी पुण्याच्या एका कंपनीचं एम्बेडेड सॉफ्टवेअरचं काम घरून करतो. मीही तिला म्हणालो, की बोलून टाइप करायची सोय आता मोबाइलवरसुद्धा आहे. ती म्हणाली, “मले टाइप कराले येते ना बाप्पा सगळं. हात नाही राह्यला, पण येणं कुठं गेलं?”

हे वाक्य मी कितीतरी दिवस डोक्यात घेऊन फिरलो. तिचं येणं खरंच कुठं गेलं नव्हतं. कुठल्या अक्षराला कोणतं बोट, हे तिच्या मेंदूत जसंच्या तसं होतं. आणि बोलून टाइप करण्याबद्दल तिचा एक आक्षेप होता, ज्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. ऑफिसात सात-आठ माणसं समोर उभी असताना कोणाच्या घरच्या मृत्यूची नोंद मोठ्यानं बोलून करायची का? कोणाची पट्टी किती वर्षांची थकली ते माइकात सांगायचं का? शिवाय वऱ्हाडी आडनावं आणि शेतशिवारांची नावं यंत्राला ऐकू येतात ती भलतीच. पडद्यावरचा कीबोर्ड उघडून एकेक अक्षरावर माउस नेऊन क्लिक करणं हा दुसरा पर्याय होता. ज्या माणसाच्या बोटांत वेग आहे, त्याला तो दिवसभर करायला लावणं मला पटलं नाही.

मग मी आभासी कीबोर्डच्या ड्रायव्हरकडं वळलो, म्हणजे प्रत्यक्षात नसलेला कीबोर्ड आहे असं संगणकाला भासवणाऱ्या प्रोग्रामकडं.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कीबोर्ड म्हणजे शेवटी काय, हे एकदा आत जाऊन पाहिलं पाहिजे. कर्नेलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, अक्षर माहीत नसतं. तिथं फक्त नोंदी येतात, अगदी ग्रामपंचायतीच्या आवक-जावक रजिस्टरसारख्या: वेळ, प्रकार, क्रमांक आणि मूल्य. ६४ बिटांच्या यंत्रावर अशी एक नोंद २४ बाइटांची. बटण दाबलं तर मूल्य १, सोडलं तर ०, दाबून धरल्यामुळं पुनरावृत्ती होत असेल तर २. इंग्रजी ए चं जे बटण, त्याचा क्रमांक ३०. हा ३० आला १९८१च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवरून, त्यानं ए साठी हाच संकेत पाठवला होता. चार दशकांपूर्वी कुणी तरी एका तारेवर ठरवलेला आकडा आजही माझ्या लॅपटॉपमध्ये तसाच फिरतो. या क्रमांकाचं अक्षर बरंच वर होतं, भाषेच्या मांडणीचा तक्ता जिथं असतो तिथं. ड्रायव्हरच्या पातळीवर मराठी नाही आणि इंग्रजीही नाही. तिथं फक्त जागा आहेत.

लिनक्समध्ये ‘यूइनपुट’ नावाचं एक दार आहे. ते उघडून एखादा साधा प्रोग्राम कर्नेलला सांगू शकतो की मी एक कीबोर्ड आहे, माझं नाव हे, माझ्याकडं ही ही बटणं आहेत. कर्नेल नवं उपकरण तयार करतो, आणि त्या क्षणापासून तो प्रोग्राम जी नोंद लिहील ती खऱ्या बटणाची नोंद मानली जाते. यात एक बारकी अट आहे, ती मला फार आवडते. यूडेव्ह हा लिनक्समधला जो भाग उपकरणांची ओळख पटवतो, तो तुमच्याकडं पहिले ३१ क्रमांक आहेत का ते बघतो. एस्केप, वरच्या ओळीचे आकडे, त्याखालची क्यूपासूनची ओळ, अशी ती बटणं. ती सगळी जाहीर केलेली असली तरच तो तुम्हाला पूर्ण कीबोर्ड म्हणतो. दोन-चार बटणांचं उपकरण असेल तर ते नुसतं बटणांचं उपकरण. पूर्ण कीबोर्ड म्हणवून घ्यायचं, तर आधी ती बटणं आपली आहेत असं सांगावं लागतं. प्रत्यक्षात ती कधी दाबली जातील की नाही, हे कोणी विचारत नाही.

हे दार पाहिलं आणि माझ्या मनात ताईचं वाक्य पुन्हा आलं. बटण कुणी दाबलं, हे कर्नेल विचारत नाही. उजव्या हातानं, डाव्या हातानं, पायानं, फुंकेनं की प्रोग्रामनं, याच्याशी त्याचा संबंध नाही. इंग्रजी के च्या बटणाचा क्रमांक ३७. ‘३७ दाबलं, ३७ सोडलं’ एवढं आलं की ते बटण दाबलं गेलं. त्या नोंदीत आणि दोन धड हातांच्या माणसाच्या नोंदीत तिळाएवढा फरक उरत नाही. इतका पूर्ण समानपणा मी दुसऱ्या कुठल्या व्यवस्थेत पाहिलेला नाही.

पुढचा विचार माझा नव्हे. एडगर मटायस यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘हाफ-क्वर्टी’ नावाची मांडणी केली, आणि स्कॉट मॅकेन्झी व विल्यम बक्स्टन यांच्यासोबत १९९३ साली तिच्यावर शोधनिबंध लिहिला. कल्पना अशी: स्पेसबार दाबून धरला की कीबोर्डचा उजवा अर्धा भाग डाव्या भागावर आरशातल्यासारखा उलटा होऊन येतो. मधल्या ओळीत उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली के असतं, डाव्याच्या मधल्या बोटाखाली डी. स्पेस धरून डी दाबलं की के. जे एफवर, एल एसवर, पी क्यूवर. दोन्ही हातांनी टाइप येणाऱ्या माणसाला नवीन जागा पाठ कराव्या लागत नाहीत. ज्या बोटानं ते अक्षर उमटायचं, दुसऱ्या हाताच्या त्याच बोटानं ते उमटतं. आपल्या मेंदूला डावं-उजवं जोडून पाहायची सवय आहे, आणि ही मांडणी तिच्यावरच उभी आहे.

मला स्वतःला जे सापडलं ते हे, की इनस्क्रिप्टवर ही युक्ती इंग्रजीपेक्षा जास्त शोभते. इंग्रजीत व्यंजनं आणि स्वर दोन्ही बाजूंना विखुरलेले. आपल्याकडं डावा भाग मात्रांचा, उजवा अक्षरांचा. म्हणजे स्पेस दाबलेला असेल तर बहुतेक वेळा अक्षर, सुटलेला असेल तर मात्रा. ई चं बटण स्पेस धरून दाबलं तर ग, नुसतं दाबलं तर काना. एकाच बटणावर ‘गा’. डी चं बटण स्पेस धरून क, नुसतं दाबलं तर पाय मोडायचं चिन्ह. एकाच बोटानं, जागचं न हलता, क चा पाय मोडतो. ‘ग्रामपंचायत’ हा शब्द ताईच्या दिवसात शंभरदा येतो. त्यात ११ वर्णचिन्हं आहेत, त्यांतली ६ अंगठा दाबून आणि ५ अंगठा उचलून. ‘वऱ्हाड’ लिहून पाहा: व डाव्या हाताचाच. मग अंगठा आणि शिफ्ट धरून एफ, हा झाला ऱ. डी नं त्याचा पाय मोडला. अंगठा धरून आर, ह आला. ई नं काना. शेवटचा ड कीबोर्डच्या उजव्या कडेला पी च्याही पलीकडं, म्हणून आरशात तो डाव्या कडेला, टॅबवर. ट तसाच कॅप्स लॉकवर गेला. शिफ्ट आणि अंगठा एकदम धरताना करंगळी ताणते, म्हणून शिफ्ट एकदा दाबून सोडलं तरी पुढच्या अक्षराला लागू राहील असं केलं. त्यामुळं ळ, श, ण, थ लिहिताना हात मोकळा राहतो.

ड्रायव्हर खाली असल्यामुळं त्याला यातलं काही ठाऊक नाही. त्याच्यासाठी डी च्या ३२ चं के चं ३७ झालं, एवढंच. म्हणून तोच ड्रायव्हर इंग्रजीतल्या ईमेल पत्त्यालाही चालतो, पासवर्डलाही चालतो.

आता जिथं माझा सगळा जीव गुंतला ती गोष्ट. असा ड्रायव्हर लिहिताना दाबणं सोपं असतं, सोडणं अवघड. समजा ताईनं स्पेस धरून डी दाबलं. मी कर्नेलला कळवलं, ३७ दाबलं. आता वेगात टाइप करणाऱ्या माणसाचा अंगठा बोटाच्या आधी उठतो. स्पेस सुटला, डी अजून खालीच आहे. क्षणभरानं डी सुटलं. त्या वेळी स्पेस दाबलेला नाही, म्हणून प्रोग्रामनं भोळेपणानं ‘३२ सुटलं’ असं कळवलं, तर ३७ कधी सुटलंच नाही. कर्नेलच्या लेखी क दाबलेलाच आहे आणि पडद्यावर ककककक अशी ओळ धावत सुटते. कर्नेलची मूळ सवय २५० मिलिसेकंद वाट पाहून मग दर ३३ मिलिसेकंदांनी पुनरावृत्ती करायची. सेकंदाला तीस क. म्हणून प्रत्येक खऱ्या बटणापुढं एक टिपण ठेवावं लागतं: हे दाबलं तेव्हा आपण कर्नेलला काय सांगितलं होतं. सोडताना नवा हिशेब करायचा नाही, ते टिपण उघडायचं आणि जे दाबलं होतं तेच सोडायचं. मधल्या काळात जग किती का बदललं असेना. प्रोग्राम मध्येच बंद पडला, तर उपकरण काढून टाकताना कर्नेल स्वतःहून सगळी दाबलेली बटणं सोडतो. ज्यांनी ती सोय लिहून ठेवली त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

स्पेसचंही तसंच नाजूक काम. तो दाबला गेला तेव्हा कळत नाही की ही मोकळी जागा आहे की आरसा. म्हणून दाबल्यावर गप्प बसायचं. दुसरं बटण येण्याआधी तो सुटला तर दाबणं आणि सोडणं दोन्ही एकापाठोपाठ पाठवून द्यायचं. दुसरं बटण आलं तर तो आरसा झाला, मग सुटताना काहीच पाठवायचं नाही. फार वेळ धरून मग नुसताच सोडला, तर तो विचार बदललेला माणूस असतो, त्याच्यासाठी जागा टाकायची नाही. ‘फार वेळ’ म्हणजे किती, हे मी ठरवू शकत नव्हतो. ते ताईच्या अंगठ्यानं ठरवलं. तिच्या शेजारी बसून मी नोंदी पाहत होतो, कुठं तिला जागा हवी होती आणि कुठं अक्षर. कापूस वेचणीच्या दिवसांत ती दुपारनंतर थकलेली असते तेव्हा अंगठा उशिरा उठतो, सकाळी लवकर. म्हणून ती मर्यादा तिच्या हाती दिली, बटणांच्या एका जोडीनं कमी-जास्त करता येईल अशी.

असं काम करणाऱ्यांना एक सांगतो. खऱ्या कीबोर्डच्या नोंदी थेट वर जाऊ नयेत म्हणून प्रोग्रामला तो कीबोर्ड कर्नेलकडून पूर्णपणे ताब्यात घ्यावा लागतो. त्या अवस्थेत प्रोग्राम अडकला की तुमच्याकडं कीबोर्डच नसतो. म्हणून सगळ्यात आधी सुटकेच्या बटणांची जोडी लिहा, बाकी सगळं नंतर. आणि मोबाइलवरून त्या संगणकात शिरायची वाट उघडी ठेवा. आमच्याकडं शेतीच्या फिडरला रात्रीची पाळी असली की गावातले पुरुष पाणी ओलायला रानात असतात, घरं शांत असतात. माझं हे काम त्या वेळात झालं.

माउसचं काम त्या मानानं लहान. ताई डाव्या हातानं माउस धरते, पण दाबून धरून ओढणं तिला त्रासाचं होतं. कारण त्या वेळी कीबोर्ड सुटतो आणि मनगटावर ताण येतो. आभासी माउसमध्ये ओढणं म्हणजे डावं बटण दाबल्याची नोंद करून सोडल्याची नोंद राखून ठेवणं. पुढच्या क्लिकला ती पाठवायची. एका बटणावर हे बसवलं. माउसबद्दल लोकांना वाटतं की तो बाण कुठं आहे ते सांगतो. तो तसं काही सांगत नाही, किती सरकलो एवढंच सांगतो, आडवं इतकं, उभं इतकं. दोन्ही नोंदी एका गठ्ठ्यात जाव्यात म्हणून शेवटी ‘गठ्ठा संपला’ अशी एक वेगळी नोंद द्यावी लागते. ती दिली नाही तर वरचे प्रोग्राम वाट पाहत राहतात. आणि वेगानुसार सरकण्याचं गुणोत्तर वर बदलतं, म्हणून शंभर पाठवले तर बाण शंभरच ठिपके जाईल असं नाही.

घरच्या लॅपटॉपवर हे सगळं जमलं. ऑफिसात विंडोज आहे, आणि तो संगणक ताईचा नाही. विंडोजमध्येही आभासी एचआयडी (कीबोर्ड-माउससारख्या) उपकरणासाठी चांगली चौकट आहे. पण विंडोज १० च्या २०१६ मधल्या १६०७ आवृत्तीपासून नवीन कर्नेल ड्रायव्हरला मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलवरून सही घ्यावी लागते. एका माणसासाठी लिहिलेल्या ड्रायव्हरला ती वाट लांबची. ड्रायव्हर न लिहिता वरच्या पातळीवरून बटणं पाठवणारे प्रोग्राम आहेत, पण प्रशासकाच्या अधिकारानं चालणाऱ्या खिडकीत ते थांबतात, आणि लॉगिनच्या पडद्यावर तर चालतच नाहीत. पासवर्ड टाकायला रोज सकाळी कोणाला तरी हाक मारायची, हे ताईला नको होतं. मलाही नको होतं.

म्हणून आरसा संगणकाच्या बाहेर, एका डबीत काढला. रास्पबेरी पाय पिको हा बोटभर बोर्ड २०२१ साली आला. त्याच्या एका बाजूला ताईचा नेहमीचा कीबोर्ड लागतो, दुसऱ्या बाजूनं तो बोर्ड स्वतःच कीबोर्ड म्हणून संगणकाला जोडला जातो. त्यात यूएसबीचा एकच तयार भाग आहे, दुसरा त्याच्या प्रोग्राम करता येणाऱ्या पायांमधून घडवावा लागतो. इथं क्रमांक वेगळे, ए म्हणजे ४, के म्हणजे १४, वर्णानुक्रमानं. आणि पद्धतही वेगळी. लिनक्सच्या नोंदी ‘काय बदललं’ ते सांगतात. यूएसबी कीबोर्ड ८ बाइटांत ‘आत्ता काय काय दाबलेलं आहे’ ते सांगतो: पहिल्या बाइटात शिफ्ट, कंट्रोल वगैरे, दुसरा रिकामा, उरलेल्या सहांत सहा बटणं. फरक काढायचं काम संगणकाचं. मला ही दुसरी पद्धत अधिक दयाळू वाटते. एखादी खबर हरवली तरी पुढच्या खबरीत खरी स्थिती असते, काहीच कायमचं अडकून राहत नाही. शिवाय ही साधी ८ बाइटांची रीत बायोसलासुद्धा, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामलासुद्धा, कळते. संगणक चालू केल्यापासून, विंडोज यायच्या आधीपासून, ताईचा डावा हात पूर्ण कीबोर्ड असतो. काही बसवायचं नाही, कोणाची परवानगी मागायची नाही. बदली झालेला नवा संगणक आला तरी वायर काढून लावायची.

याच ठिकाणी मला थांबून एक गोष्ट नीट सांगायची आहे. संगणक कीबोर्डवर जो विश्वास टाकतो, त्याचा गैरवापर होतो. २०१४ साली कार्स्टन नोल आणि याकोब लेल या संशोधकांनी ‘बॅडयूएसबी’ नावानं दाखवून दिलं, की पेन ड्राइव्हच्या आतला प्रोग्राम बदलून त्याला कीबोर्ड बनवता येतं, आणि मग तो तुमच्या नावानं हव्या त्या आज्ञा टाइप करतो. माझी डबी तांत्रिकदृष्ट्या त्याच जातीची आहे. म्हणून दारांवर पहारे वाढले. लिनक्समध्ये यूइनपुट मूळच्या व्यवस्थेत फक्त रूट म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्यासाठी असतं, वेलँड या लिनक्समधल्या खिडक्या सांभाळणाऱ्या व्यवस्थेनं एका प्रोग्रामनं दुसऱ्याच्या खिडकीत बटणं पाठवायची जुनी मोकळीक काढून घेतली, विंडोजनं सह्या मागितल्या. हे सगळं योग्य आहे. ग्रामपंचायतीच्या संगणकावर गावाच्या नोंदी आहेत, तिथं सापडलेला पेन ड्राइव्ह लावू नये हे मी स्वतः तिथल्या प्रत्येकाला सांगितलं आहे, आणि ताईच्या डबीत काय आहे ते सरपंच आणि ग्रामसेवक दोघांना उघडून दाखवलं आहे.

पण हे पहारे बसवताना ज्या बैठका होतात, तिथं एका हाताच्या माणसाचं नाव कोणी घेतलं होतं का, हे मला विचारावंसं वाटतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात माहिती-तंत्रज्ञान सगळ्यांना वापरता यावं याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. तो कायदा खेड्यातल्या टेबलापर्यंत पोचायला मधल्या पातळीवर कोणीतरी ड्रायव्हर लिहावा लागतो, आणि तो चालू द्यावा लागतो. सुरक्षेच्या नावानं एखादं दार कायमचं बंद केलं, तर चोराला दुसरी वाट मिळते. ताईसारख्या माणसाला मिळत नाही. किल्ली कुणाकडं असावी यावर हवी तेवढी चर्चा करा, पण दार ठेवा. ज्यांच्या हाती कर्नेलचं आणि ऑपरेटिंग सिस्टिमचं काम आहे, त्यांच्यापैकी कोणी मराठी वाचत असेल तर ही माझी विनंती आहे.

ताईचा वेग पूर्वीइतका नाही. पण ऑफिसात आलेला माणूस आता तिच्या हाताकडं न बघता पडद्याकडं बघतो. शेजारच्या गावातल्या एका मुलाचा डावा हात जन्मतः लहान आहे. त्याच्यासाठी आरसा उलटा केला, उजव्या भागावर डावा. त्यात मात्रांसाठी अंगठा दाबावा लागतो आणि अक्षरं मोकळी. तक्ता एक ओळ बदलून फिरला, कारण ड्रायव्हरला फक्त जागा माहीत आहेत.

सध्या आकड्यांचं काम चालू आहे. घरपट्टीची वसुली मार्चमध्ये चढते, तेव्हा ताईपुढं दिवसभर आकडेच असतात. नंबर पॅड कीबोर्डच्या उजव्या टोकाला, डाव्या हातानं तिथवर जायचं तर सगळा खांदा फिरवावा लागतो. म्हणून एका बटणानं डाव्या हाताखालीच नंबर पॅड यावा असं ठरलं. मी तो नऊ बटणांचा चौकोन जसा दिसतो तसा मांडून दिला, डावीकडून ७, ८, ९. ताईनं दोन ओळी टाइप केल्या आणि थांबली. उजव्या हाताची तर्जनी नेहमी ४ वर असायची. डाव्याची तर्जनी ६ वर येत होती. मग आकडेही आरशात फिरवले: वर ९, ८, ७, मध्ये ६, ५, ४, खाली ३, २, १. पडद्यावर तक्ता काढला तर चुकल्यासारखा दिसतो. ती मात्र लगेच सुरू झाली. “डोयानं पाह्यलं तर उलटं आहे,” ती म्हणाली, “बोटाले बरोबर वाटते.” शून्य उजव्या अंगठ्याखाली असायचं, म्हणून ते स्पेसवर गेलं. एंटर करंगळीचं, ते कॅप्स लॉकवर. दशांश चिन्ह कुठं ठेवायचं ते राहिलं आहे. नंबर पॅडवर ते अनामिकेखाली, शून्याच्या शेजारी असतं, आणि डाव्या हाताच्या त्या जागी ऑल्टचं बटण येतं. विंडोज ते बटण स्वतःच्या कामासाठी पकडून ठेवतं, म्हणून डबीतून जाताना ते ऑल्ट म्हणून बाहेर पडताच कामा नये. नमुना ८ मध्ये चौरस मीटर दशांशात लिहावे लागतात. याद्या छापायच्या आत एवढं पूर्ण करायचं आहे.